संशोधन जहाजावर हवामान आणि समुद्राचं तापमान कसं मोजतात? सोलापुरातून वारंवार येणारे प्रश्न

सोलापूर, पंढरपूर, बार्शी भागातल्या शाळा-कॉलेजांत आणि शेतकरी मेळाव्यांत समुद्रावरच्या नोंदींबद्दल बोललो की पुढचे आठ-पंधरा दिवस फोनवर प्रश्न येत राहतात. त्यातले बरेचसे तेच ते असतात, म्हणून इथे एकत्र केलेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

1. आपल्याकडं समुद्र कुठाय? सोलापूरकराला समुद्राच्या तापमानाचं काय घेणं-देणं?

पावसाचं घेणं-देणं आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेत. जून-जुलैत अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवरच बरेचसे रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला नुसता वारा येतो. सोलापूरचा सगळ्यात पावसाचा महिना सप्टेंबर. रब्बी ज्वारीची ओल याच पावसावर धरायची असते. या काळातला बराच पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळं येतो.

ऑक्टोबर 2020 आठवा. उपसागरातलं डीप डिप्रेशन (कमी दाबाचं तीव्र क्षेत्र) 13 तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं, तेलंगण ओलांडून आपल्याकडं सरकलं आणि 14 तारखेला सोलापूर-पंढरपुरात धो धो कोसळलं. भीमा फुगली, उभी पिकं गेली. ते पाणी शेकडो किलोमीटरवरच्या समुद्रातून वाफ होऊन उठलेलं होतं.

समुद्र किती तापलाय यावर हे सगळं अवलंबून असतं, पण सरळ हिशेबानं नव्हे. सुलोचना गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी 1984 साली दाखवलं की हिंदी महासागरावर पाण्याचं तापमान साधारण 28 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उंच, पावसाळी ढग फारसे होत नाहीत. ते 28 च्या वर गेलं की ढग होऊ शकतात, पण पाणी आणखी तापलं म्हणजे ढग वाढतीलच असं नाही. म्हणजे 27.7 की 28.2 हा अर्ध्या अंशाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि मोजण्याची पद्धत चुकली तर नेमका तेवढाच फरक पडतो. पुढची बहुतेक उत्तरं याच अर्ध्या अंशाभोवती फिरतात.

2. संशोधन जहाज म्हणजे नौदलाचं जहाज का? भारताकडं अशी किती आहेत?

नौदलाचं नव्हे. ही सरकारी संशोधन संस्थांची जहाजं. ‘सागर कन्या’ 1983 साली जर्मनीत बांधलेलं. ते गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडं आहे. ‘सागर निधी’ इटलीत बांधलेलं, चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडं ‘सिंधू साधना’ आहे, ते 2014 मध्ये सेवेत आलं. मासे आणि समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी कोचीचं ‘सागर संपदा’. किनाऱ्याजवळच्या कामासाठी आणखी लहान जहाजं आहेत.

मात्र जहाजांवरून येणाऱ्या हवामान-नोंदींचा मोठा भाग या जहाजांकडून येत नाही. तो मालवाहू जहाजांकडून येतो. जागतिक हवामान संघटनेची एक योजना आहे, त्यात व्यापारी जहाजांचे अधिकारी स्वतःच्या ड्युटीतून वेळ काढून नोंदी घेतात आणि पाठवतात. पैसे मिळत नाहीत. आपल्या हवामान खात्याची मुंबई, चेन्नई, कोलकात्यासारख्या बंदरांत कार्यालयं आहेत. तिथले लोक जहाजावर जाऊन उपकरणं तपासून देतात. संशोधन जहाजांच्या नोंदी संख्येनं थोड्या, पण नेमक्या.

3. जहाजावर काय काय मोजतात?

हवेचं तापमान, आर्द्रता, वायुदाब, वाऱ्याचा वेग आणि दिशा, सूर्याकडून येणारं ऊन, आकाशातून खाली येणारी उष्णता, पाऊस, दृश्यमानता, ढगांचे प्रकार, लाटांची उंची. पाण्याच्या बाजूला तापमान आणि क्षारता. ढग आणि लाटा अजूनही बऱ्याच जहाजांवर डोळ्यांनीच बघून लिहितात. सरावलेल्या माणसाचा अंदाज चांगला येतो, रात्री मात्र गडबडतो.

4. नोंदी किती वाजता घेतात? जहाजाच्या घड्याळाप्रमाणं की भारतीय वेळेप्रमाणं?

दोन्ही नाही. जगभर एकच वेळ धरतात, यूटीसी. मुख्य नोंदी 00, 06, 12 आणि 18 यूटीसीला. भारतीय वेळ साडेपाच तास पुढं, म्हणून आपल्याकडं ते पहाटे 5:30, सकाळी 11:30, संध्याकाळी 5:30 आणि रात्री 11:30. संशोधन जहाजावरची यंत्रं याशिवाय दर मिनिटाला स्वतःहून नोंद करतच असतात.

इथं एक नेहमीचा सापळा आहे, तारखेचा. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आपली तारीख यूटीसीच्या एक दिवस पुढं असते. विद्यार्थी वेळ बदलतात आणि तारीख तशीच ठेवतात.

दुसरा सापळा ठिकाणाचा. सोलापूरचं अक्षांश 17 अंश 40 मिनिटं. ते कुणी 17.40 असं लिहिलं तर संगणक त्याचा अर्थ 17 अंश 24 मिनिटं असा घेतो आणि गाव जवळपास 30 किलोमीटर दक्षिणेला सरकतं. जमिनीवर असली चूक लगेच दिसते, खुल्या समुद्रात कोण ओळखणार?

5. ‘समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान’ म्हणजे किती खोलीचं? वरवरचं की हात बुडवून लागतं ते?

सगळ्यात चांगला प्रश्न, आणि सगळ्यात कमी लोक विचारतात. उत्तर असं की या एका नावाखाली निदान चार वेगवेगळी तापमानं वावरतात.

अगदी वरची, मिलिमीटरहूनही पातळ अशी त्वचा असते. तिथून सतत बाष्पीभवन होतं आणि उष्णता बाहेर पडते, म्हणून ती तिच्याच खालच्या पाण्यापेक्षा साधारण 0.2 अंशानं थंड असते. हे तापमान फक्त अवरक्त किरणांवर चालणाऱ्या उपकरणाला दिसतं, मग ते उपग्रहावरचं असो की जहाजाच्या कठड्यावर बसवलेलं. तिथं थर्मामीटर बुडवता येत नाही. बुडवला की ती त्वचाच मोडली.

त्याखाली बादलीत येणारं पाणी, म्हणजे वरचा अर्धा-एक मीटर. त्याखाली जहाजाच्या तळाशी आत ओढलं जाणारं पाणी, तीन ते पाच मीटरवरचं, मोठ्या मालवाहू जहाजात त्याहून खोल. आणि चौथं, दिवसभराचं ऊन जिथवर पोचत नाही त्या खोलीवरचं; पहाटे सूर्य उगवायच्या आधी वरच्या पाण्यात मोजलं तर जवळपास तेच मिळतं.

वारा चांगला असला तर पाणी ढवळलं जातं आणि यातली शेवटची तीन एकमेकांच्या जवळ येतात. एप्रिल-मेमधला अरबी समुद्र मात्र कधी कधी अगदी निपचित पडलेला असतो. वारा नाही, वर रणरणतं ऊन. अशा दुपारी वरचा पातळ थर खालच्या पाण्यापेक्षा दोन-तीन अंशांनीही जास्त तापतो. रात्र झाली की तो विरतो. त्या दुपारी एकाच जागी बादलीत 31.5 आणि तळाच्या नळीत 30 आलं, तर दोन्ही बरोबर असतात.

म्हणून नुसतं ‘अरबी समुद्राचं तापमान 30 अंश’ असं कुणी सांगितलं की किती खोलीवर, किती वाजता आणि कशानं मोजलं हे विचारायचं. हे तीन शब्द नसतील तर तो आकडा माझ्या लेखी कच्चा.

6. खरंच अजून बादली टाकून पाणी काढतात? एवढं तंत्रज्ञान आलं तरी?

काढतात. कमी झालंय, पण संपलेलं नाही. यंत्राला पडताळा म्हणून बादली अजूनही उपयोगी पडते.

ही घरातली बादली नव्हे. लांबट, जाड रबराची किंवा दुहेरी भिंतीची, आत थर्मामीटर बसवलेला आणि वर मजबूत दोर. जहाजाच्या पुढच्या भागातून टाकायची, कारण मागं आणि मधे इंजिनचं गरम पाणी, मोरीचं पाणी बाहेर पडत असतं. पहिली बादली ओतून द्यायची. ती फक्त बादलीचं स्वतःचं तापमान पाण्याला जुळवून घेण्यासाठी. दुसऱ्यांदा टाकून थोडा वेळ पाण्यात राहू द्यायची, वर ओढायची, सावलीत आणि वाऱ्याच्या आडोशाला धरून लगेच वाचायची. डोळा पाऱ्याच्या रेषेत हवा. आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश, कारण रेंगाळलात तर आधी बदलतो तो दशांशच.

जहाज जोरात असेल तर बादली पाण्यात बुडतच नाही, वर आपटत राहते. दोर हाताला गुंडाळायचा नाही, हे नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगतात. भरलेली बादली आणि धावतं जहाज यांच्यामधे मनगट आलं तर काय होईल हे सांगायला नको.

7. इंजिनच्या पाण्याचं तापमान घेतात असं वाचलं. ते तर गरमच असणार ना?

इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात. ते इंजिनला लागायच्या आधी, आत येतानाच मोजतात. तरीही शंका बरोबर आहे. इंजिन रूम तापलेली असते, नळी तिथून जाते, थर्मामीटर आत येण्याच्या तोंडापासून लांब बसवलेला असतो आणि पाणी थोडंसं तापतं. आजही जहाजांच्या नोंदी समुद्रात तरंगत मोजणाऱ्या यंत्रांपेक्षा, म्हणजे बॉयांपेक्षा, सरासरी 0.12 अंशानं जास्त येतात, आणि जागतिक तापमानाचा हिशेब करताना तेवढी दुरुस्ती केली जाते.

याचा एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात लाकडी बादल्या होत्या, पुढं कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हासमधून पाणी झिरपतं, बाष्पीभवन होतं आणि वर ओढेपर्यंत बादलीतलं पाणी काही दशांश अंश गार होतं. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा घेऊन बादली वाचणं धोक्याचं, म्हणून अनेक जहाजांनी इंजिनच्या नळीवरचं तापमान लिहायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांच्या बादलीतल्या नोंदींचं प्रमाण पुन्हा वाढलं. परिणाम असा की 1945 मध्ये जगाचे समुद्र अचानक सुमारे 0.3 अंशानं गार झाल्यासारखे आलेखात दिसतात. गार काही झालं नव्हतं, मोजायची पद्धत बदलली होती. हे नीट लक्षात येऊन छापून यायला 2008 साल उजाडलं. साठ वर्षं!

संशोधन जहाजावर यासाठी थर्मोसॅलिनोग्राफ असतो. आत येणाऱ्या पाण्याची तो सतत क्षारता आणि तापमान नोंदवतो. त्यातही युक्ती आहे: तापमानाचा एक वेगळा संवेदक (सेन्सर) अगदी पाणी शिरतं त्या तोंडाशी बसवायचा आणि समुद्राचं तापमान म्हणून त्याचाच आकडा घ्यायचा. प्रयोगशाळेतल्या यंत्रापर्यंत येईस्तोवर पाणी तापलेलं असतं. तो आतला आकडा क्षारतेच्या हिशेबापुरता. नळीत शेवाळ आणि कालवं धरतात, ती घासून काढावी लागतात. प्रवाह कमी झाला की आकडे आधी हळूहळू आणि मग ठळक बिघडतात.

8. जहाज स्वतःच पळतंय, मग वारा किती हे कसं कळणार?

होटगी रोडवर वारा पडलेला असताना मोटारसायकल चालवा, तोंडावर वारा लागतोच. जहाजावरच्या वाऱ्याच्या वेगमापकाला हाच भासमान वारा लागतो. त्यातून जहाजाची स्वतःची गती वजा केली की खरा वारा.

समजा जहाज उत्तरेकडं 10 नॉटनं चाललंय आणि खरा वारा पूर्वेकडून 10 नॉटचा आहे. यंत्राला वाटेल की ईशान्येकडून 14 नॉटचा वारा येतोय. तोच वारा दक्षिणेकडून 10 नॉटचा असता तर यंत्र शून्य दाखवेल आणि डेकवरचा धूर सरळ वर जाईल. (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.)

गणित सोपं, घोटाळा दुसरीकडं होतो. जहाजाचं तोंड एका दिशेला असतं आणि प्रवाहामुळं ते सरकत असतं दुसऱ्या दिशेला. वेगमापक तोंडाच्या संदर्भानं मोजतो, म्हणून त्यासाठी जायरो होकायंत्राची दिशा घ्यायची. गती वजा करताना मात्र जीपीएसनं दिलेली प्रत्यक्ष वाटचाल. दोन्हीकडं एकच दिशा वापरली की जहाज वळताना वाराही वळल्यासारखा दिसतो. नोंदींच्या आलेखात वळणाच्या जागी वाऱ्यात पायरी दिसली, तर चूक इथंच शोधायची.

जहाजाच्या इमारतीसारख्या भागामुळं वारा अडतो आणि उसळतो, म्हणून चांगले वेगमापक पुढच्या डोलकाठीवर असतात. वारा मागून येत असेल तर त्या वेळच्या नोंदींवर खूण करतात. चिमणीची गरम हवा तेव्हा तापमानाच्या यंत्रापर्यंत येते.

9. माझ्या फोनमधलं ॲप सोलापुरात 955 च्या आसपास दाब दाखवतं आणि बातम्यांत 1008 सांगतात. जहाजावर कोणता धरतात?

फोन तुमच्या जागेचा दाब सांगतो, बातम्यांत समुद्रसपाटीला आणलेला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 460 मीटर उंच, म्हणून 50 च्या वर फरक. जहाजावर हिशेब लहान: वायुदाबमापक पाण्यापासून किती उंच आहे ते बघायचं आणि दर 8.5 मीटरला 1 हेक्टोपास्कल (दाबाचं एकक, वरचे आकडेही त्यातलेच) मिळवायचं. ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची वरची खोली, 17 मीटरवर असेल तर 2. माल उतरवला की जहाज वर येतं आणि ही उंची बदलते, हे व्यापारी जहाजांवर हमखास विसरलं जातं.

10. आर्द्रता मोजताना मीठ आड येत नाही का?

येतं. आर्द्रता एक कोरडा आणि एक ओला अशा दोन तापमापकांच्या फरकावरून काढतात. ओल्या तापमापकाच्या कापडी वातीवर खारं वारं बसलं की बाष्पीभवन मंदावतं, ओला तापमापक जास्त वाचतो आणि हवा आहे त्यापेक्षा दमट वाटते. म्हणून वात वारंवार बदलायची, डिस्टिल्ड पाणी वापरायचं, आणि हे दोन तापमापक बसवलेला, हातानं फिरवायचा सायक्रोमीटर वाऱ्याकडच्या बाजूला उभं राहून, जहाजाच्या तापलेल्या पत्र्यापासून दूर फिरवायचा. इलेक्ट्रॉनिक संवेदकांच्या टोपीवरही मीठ बसतं. ती गोड्या पाण्यानं धुतात.

11. समुद्रावरचा पाऊस मोजता येतो का?

धड नाही. जहाज हलतं, वारा थेंब आडवे नेतो, लाटांचे तुषार मापकात पडतात. जोरदार सर पडून गेली की वरच्या पाण्याची क्षारता उतरते, त्यावरून पडताळा मिळतो.

12. जहाजावरून फुगे सोडतात ते कशासाठी?

वरच्या हवेसाठी. हायड्रोजन किंवा हीलियम भरलेल्या फुग्याला रेडिओसाँड ही छोटी पेटी बांधतात. ती 25-30 किलोमीटरपर्यंत जाताना तापमान, आर्द्रता आणि वारा रेडिओनं कळवत राहते. फुगा फुटला की पेटी समुद्रात जाते, परत मिळत नाही. सोडतानाची गंमत अशी की कॅप्टनला जहाज वळवून किंवा हळू करून भासमान वारा (प्रश्न 8) कमी करायला सांगावं लागतं, नाहीतर फुगा डोलकाठीवर जाऊन फाटतो.

13. खोल पाण्याचं तापमान कसं घेतात?

जहाज थांबवून सीटीडी नावाचं यंत्र तारेला बांधून खाली सोडतात. ते क्षारता, तापमान, खोली सतत वर पाठवतं, आणि सोबतच्या बाटल्या हव्या त्या खोलीवर बंद करून पाणी आणता येतं. थांबायला वेळ नसेल तर एक्सबीटी: केसासारख्या तांब्याच्या तारेला जोडलेलं, फेकून द्यायचं यंत्र. त्याला खोली कळत नाही. पडायला किती वेळ लागला यावरून ती काढतात, त्यामुळं पडण्याच्या वेगाचं सूत्र चुकलं की सगळंच चुकतं.

माणसाविना चालणारे आर्गो फ्लोट जगभर सुमारे 4,000 आहेत. दर दहा दिवसांनी 2,000 मीटरपासून वर येत मोजतात. पण बहुतेक फ्लोट शेवटच्या काही मीटरमध्ये क्षारतेचा पंप बंद करतात, म्हणजे यंत्रात घाण जात नाही. तेव्हा आर्गोचं ‘पृष्ठभागाचं’ तापमान कोणत्या खोलीचं, हा प्रश्न 5 इथंही लागू.

14. इन्सॅट उपग्रह वरून सगळा समुद्र बघतात. मग जहाजांवर खर्च कशाला?

उपग्रह समुद्राला हात लावत नाही. तो किरणं मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. अवरक्त किरणं ढगांतून आरपार येत नाहीत. आपल्याला जून ते सप्टेंबर या काळातच समुद्र बघायचा असतो आणि तेव्हाच अरबी समुद्र आठवडेच्या आठवडे ढगांखाली. सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) ढगांतून आरपार येतात, पण त्यांचं चित्र जाडंभरडं, आणि किनाऱ्यालगत जमिनीमुळं बिघडतं.

शिवाय उपग्रहाला दिसते ती त्वचा. ते गणित बरोबर आहे का हे तपासायला त्याच वेळी, त्याच जागी पाण्यात कुणीतरी मोजलेलं लागतं. जहाजं आणि बॉया बंद केल्या तर उपग्रहाचे आकडे येत राहतील, पण ते कितपत खरे हे सांगणारं कुणी उरणार नाही.

15. वादळात जहाज असतं तर किती भारी माहिती मिळाली असती! तशी मिळते का?

क्वचित, आणि कुणाच्या इच्छेनं नाही. चक्रीवादळाचा इशारा आला की कॅप्टन वाट बदलतो, आणि त्यानं ती बदललीच पाहिजे. त्यामुळं जहाजांच्या नोंदीत चांगल्या हवेचं पारडं जड असतं, हे वापरणाऱ्यानं लक्षात ठेवायचं. वादळ गेल्यावर मात्र संशोधक तिथं जायला उत्सुक असतात: वादळ खालचं गार पाणी ढवळून वर आणतं आणि मागं काही अंशांनी थंड झालेला पट्टा सोडून जातं.

दुसरी पोकळी चाच्यांमुळं पडली. सोमालियाच्या किनाऱ्यावर चाचेगिरी वाढली तेव्हा जहाजं तो भाग टाळू लागली. आपल्या मान्सूनला ढकलणारा जोरदार वारा त्याच भागातून येतो, आणि नेमक्या तिथल्याच नोंदी आटल्या.

16. एखादं रीडिंग चुकीचं वाटलं तर खोडून टाकायचं का?

अजिबात नाही. मूळ आकडा तसाच ठेवून शेजारी खूण करायची. जगात रूढ असलेल्या एका पद्धतीत 1 म्हणजे चांगलं, 2 बहुधा चांगलं, 3 बहुधा वाईट, 4 वाईट, 9 म्हणजे नोंदच नाही. अनेकदा ‘वाईट’ ठरवलेलं रीडिंगच पुढं कुणाच्या तरी कामाचं निघतं. अरबी समुद्रात मध्येच तीन अंशांनी घसरलेलं तापमान एखाद्याला यंत्राचा बिघाड वाटेल. ओमानच्या किनाऱ्याजवळ पावसाळ्यात ते खालून वर येणारं गार पाणी असू शकतं.

17. एकाच जहाजावर दोन यंत्रं वेगळं सांगतात. खरं कोणतं धरायचं?

आधी दोघांची खोली बघा (प्रश्न 5). फरक दुपारी, वारा नसतानाच येत असेल आणि रात्री मिटत असेल तर तो समुद्राचा. फरक रात्रंदिवस सारखाच असेल तर यंत्राचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा (यंत्र प्रमाणाशी जुळवण्याचा). रोज थोडा थोडा वाढत असेल तर नळीत किंवा संवेदकावर काहीतरी धरलंय. आणि फरक जहाज थांबल्यावरच येत असेल, तर जहाजानं स्वतः सोडलेलं गरम पाणी भोवती साचतंय.

म्हणून जहाज कधी थांबलं, कधी वळलं हे टिपलेली डेकवरची वही यंत्रांच्या फायलींइतकीच जपायची. मोहीम संपल्यावर फायली सगळ्यांकडं असतात, वही कुणाकडं आहे हे शोधावं लागतं.

18. जहाज बंदरात उभं असताना घेतलेल्या नोंदी चालतात का?

दाबाच्या चालतात. पाण्याच्या तापमानाच्या नाही: बंदराचं पाणी उथळ, कोंडलेलं, कुठं नदीचं. हवेचं तापमान धक्क्याच्या काँक्रीटमुळं फुगतं. या नोंदी ठेवा, पण समुद्राच्या सरासरीत धरू नका.

19. दुसऱ्या देशाच्या समुद्रात जाऊन मोजता येतं का?

1982 च्या समुद्री कायदा करारानुसार किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात संशोधन करायचं तर त्या देशाची संमती लागते, आणि कामाची माहिती निदान सहा महिने आधी द्यावी लागते. संमती आली नाही तर त्या पट्ट्यात संशोधनाच्या नोंदी थांबवतात. नकाशावर जहाजाची वाट सलग आणि आकडे तुटक दिसतात ते बऱ्याचदा यामुळं.

20. हा डेटा आम्हा विद्यार्थ्यांना मिळतो का?

बराचसा मिळतो. भारताचा समुद्री डेटा हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत जमा होतो, तिथं नाव नोंदवून मागता येतो. काही माहितीवर निर्बंध आहेत. जगभरच्या जहाजांच्या जुन्या नोंदी आयकोॲड्स या संग्रहात फुकट आहेत. उतरवून घेताना आकड्यांसोबतची मोजण्याची पद्धत, खोली आणि खुणांचे रकानेही घ्या. ते सोडून नुसते तापमानाचे रकाने घेऊन प्रोजेक्ट करणारे दरवर्षी भेटतात.

21. सोलापुरात शिकून या क्षेत्रात जाता येईल? पोहता येत नाही, शाकाहारी आहे.

येईल. भौतिकशास्त्र, गणित किंवा रसायनशास्त्रात बीएस्सी करून पुढं समुद्रविज्ञान किंवा वातावरणशास्त्रात एमएस्सी: कोचीन, विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ, गोवा, पुणे इथं सोय आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा असलेल्या मुलांकडं कुणी लक्ष देत नाही, पण बिघडलेलं यंत्र भर समुद्रात तेच चालू करतात. मुलीही मोहिमांवर जातात. वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षेचं प्रशिक्षण लागतं. पोहता येत असेल तर बरंच.

जेवण भारतीय जहाजांवर दोन्ही प्रकारचं असतं. पहिले दोन-तीन दिवस बोट लागते. तेव्हा क्षितिजाकडं बघायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही, गोळी डॉक्टरला विचारून घ्यायची. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर ठेवली तर खोलीतल्या इतरांशी ओळखही लवकर होते.

22. उजनीच्या पाण्याचं तापमान आम्ही शाळेतर्फे असंच मोजू शकतो का?

जरूर. नावाड्याला बरोबर घ्या, लाइफ जॅकेट घाला, धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांच्या बाजूला जाऊ नका. एक डिजिटल थर्मामीटर लांब वायरचा घ्या, वायरीवर दर अर्ध्या मीटरला खूण करा आणि टोकाला वजन बांधा. निघण्याआधी बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवून शून्य येतं का ते बघा. सूर्योदयाआधी आणि दुपारी तीनला, त्याच जागी, पृष्ठभागाशी, अर्ध्या, एक आणि दोन मीटरवर मोजा. थर्मामीटर नावेच्या सावलीच्या बाजूनं पाण्यात सोडा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

वहीत तारीख, वेळ, ठिकाण, खोली, वारा, ढग, थर्मामीटरचा प्रकार आणि मोजणाऱ्याचं नाव लिहा. मे महिन्यात वारा पडलेल्या दुपारी वरच्या आणि दोन मीटरवरच्या आकड्यात चांगलाच फरक दिसेल. तो आला की प्रश्न 17 काढा आणि फरक पाण्याचा की यंत्राचा हे मुलांनाच ठरवू द्या.